आघाडी आली की लगेच

१८ ऑगस्ट, रविवार
नवी वही. उद्यापासून सराव. गेल्या वर्षी अकरातले दोन सामने जिंकलो, यंदा किमान सात. संकल्प: रेफरीवर ओरडायचं नाही. दालचिनी रोल बंद. कोल्बीला खेळवायचं.

कोल्बी माझा मुलगा. कॉलेजचं शेवटचं वर्ष, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचंही. लांबून फेकलेला चेंडू छान झेलतो, पण तीन वर्षं मी त्याला बेंचवर ठेवलंय. कोचचा पोरगा म्हणून खेळवला, असं गावात कुणी म्हणता कामा नये. सीझन संपेपर्यंत घरातही मला कोचच म्हणायचं, असा नियम आहे. हॉस्टेलवरून आज जेवायला आला होता. 'कोच, मीठ द्या,' म्हणाला. शिस्त म्हणतात ती हीच.

७ सप्टेंबर, शनिवार
हरलो. ३८-६. वारा उलटा होता, दोन्ही हाफमध्ये. नेब्रास्कात असं होतं. कोल्बीला उतरवणार होतो, पण इतकं मागे पडल्यावर उतरवणं म्हणजे त्याचाच अपमान. आघाडी आली की लगेच.

८ सप्टेंबर, रविवार
चर्चनंतर ऑफिसात सामन्याची फिल्म पाहिली. मैदानाकडेच्या टॉवरवरून काढतात, आवाज नसतो. मी पोरांना नेहमी सांगतो, माणूस खोटं बोलतो, फिल्म बोलत नाही. माझा असिस्टंट गस हॅवलिक म्हणाला की पहिल्या हाफला वारा आपल्या पाठीशी होता, तो झेंडा बघा. झेंडा जुना आहे, असं मी त्याला सांगितलं.

२८ सप्टेंबर, शनिवार
चौथी हार. रेफरीवर ओरडलो, पण त्याला ऐकू गेलं नसावं. हरल्यावर माझी बायको लोर्ना चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा रस्सा, करते, आणि इकडे दालचिनी रोलशिवाय चिली घशाखाली उतरत नाही. तेव्हा तो संकल्प मी मोडला असं म्हणता येणार नाही.

१९ ऑक्टोबर
सातवी. जुने विद्यार्थी मुद्दाम लांबून आले होते, ते अर्ध्यातच उठून गेले. मक्याची कापणी चालू आहे, कामं असणार. गस म्हणाला, कोल्बीला आता तरी उतरवा, सरावात आठवडाभर त्याने एकही चेंडू सोडलेला नाही. मी म्हटलं, आघाडी येऊ दे. ह्या जन्मी येणार असेल तर थांबतो, म्हणाला. गस विनोदी आहे. कोल्बी पुन्हा बेंचवर जाऊन बसला. समजूतदार पोरगं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
दहा झाले, दहाही गेले. शनिवारी शेवटचा, सीनियर डे. शेवटच्या वर्षाची पोरं आईवडिलांबरोबर चालत येतात, आईला फूल देतात आणि मैदानाच्या मध्ये उभ्या असलेल्या कोचशी हात मिळवतात. त्या दिवशी सामना त्यांनीच सुरू करायचा, वर्षभर बेंच झिजवलेल्यांनीसुद्धा, अशी रीत आहे.

लोर्नाने विचारलं, तू कुठे असशील. म्हटलं, मध्ये. गसला उभं कर की मध्ये, म्हणाली. गसचा हात घेऊन पोरं काय करतील, असं मी विचारलं. ती भांडी घासत राहिली.

कोल्बीला फोन करून सांगितलं, शनिवारी पहिल्या प्लेपासून तू. 'हो, कोच,' म्हणाला. आवाजावरून हसत होता. बऱ्याच दिवसांनी.

१६ नोव्हेंबर, शनिवार
प्रत्येक पोरगा आपलं कार्ड स्वतः भरतो आणि ते माइकवर वाचतात. कोल्बीचं होतं: सोबत आई लोर्ना, वडील कामावर आहेत. स्टँडमधले लोक हसले. मीही हसलो. विनोद माझ्याकडून घेतलाय त्याने.

समोरच्यांचा क्वार्टरबॅक, चेंडू फेकणारा मुख्य गडी, लंगडत होता. वाटलं, हा सामना आपला आहे. म्हणून सुरुवात नेहमीच्याच पोरांनी केली. कोल्बीला म्हटलं, आघाडी आली की लगेच.

आघाडी आली. चार मिनिटं राहिलेली, १७-१३. गसने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आता कशाला धोका.

२०-१७. हरलो.

१७ नोव्हेंबर, रविवार
फिल्म. टॉवरवरच्या मुलीने कॅमेरा लवकर सुरू केला होता, त्यामुळे सामन्याआधीचंही आलंय. कोल्बी आईला फूल देतो, माझ्याकडे येतो, हात पुढे करतो. मी हात दिलाय, पण मान खाली, डावपेचांच्या कागदात. तो काहीतरी बोलतो. दोन-चार शब्द. उत्तरासाठी थांबतो, मग जातो.

मला काही आठवत नाही. पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिलं. आवाज नाहीच.

पुढे सगळा सामना तो बेंचवर दिसतो. हेल्मेट घातलेलं, हनुवटीचा पट्टासुद्धा लावलेला, शेवटच्या शिट्टीपर्यंत. गस मागे उभा राहून पाहत होता. मग दार ओढून गेला.

दुपार
कोल्बी जेवायला आला नाही. तो मैदानात काय म्हणाला, ते लोर्नाला विचारलं. ती शेजारीच होती. म्हणाली, मी ऐकलं, पण ते तुझ्यासाठी होतं, त्यालाच विचार.

मला वाईट वाटतंय. लिहून ठेवतो.

संकल्प: आत्ताच फोन करायचा. सीझन संपला, नियमही संपला, आता बाबा म्हण, असं सांगायचं. मग विचारायचं.

दुपार, ३.१०
दुसऱ्याच रिंगला उचलला. म्हणाला, 'बोला, कोच.'

'काल चांगला खेळलास,' असं म्हणून बसलो.