दोन आणि तीनच्या तारा

३ तारीख, सोमवार

बसवणार! मी म्हणतेय ना, बसवणार म्हणजे बसवणार!

व्हॅनचं इंजिन तापून ब्लॉकलाच चीर गेली. भंगारवाल्यानं त्याच कंपनीचं, पण नव्या मॉडेलचं इंजिन आणून दिलं. बाकी झकास, फक्त आतला कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, गंजून गेलेला. मी म्हटलं, आपल्या जुन्या इंजिनातला घालू. नवरा गिऱ्हाइकासमोर हसला. "मॉडेल वेगळं, शाफ्ट वेगळा. तुला काय कळतंय त्यातलं!"

लग्नापासून या गॅरेजात हात काळे केले, आणि मला काय कळतंय? तिडीकच गेली डोक्यात. त्याचं म्हणणं, इंजिन परत करायचं आणि व्हॅन भंगारात. माझ्या बाबांची व्हॅन! बोलणं बंद. "चुकलो" म्हणेपर्यंत एक शब्द नाही.

५ तारीख

अबोला जोरात. मधे सासूबाई. त्यांच्या धाकट्या बहिणीचा हात मोडलाय, तिच्याकडे जायचंय — पण हट्ट, "जाईन तर आपल्या व्हॅननंच." तोवर आमचे निरोप पोचवतात. पोचवतात कसले, धुऊन इस्त्री करून देतात! मी म्हटलं, "आई, याला विचारा, दहाचा पाना गिळला का?" त्या तिकडे जाऊन, "बाळा, दहाचा पाना सापडला तर दे हो तिला." पाना आला. वर निरोप — "जपून कर म्हणतोय."

तो? जपून कर? शक्यच नाही.

६ तारीख

दोन्ही शाफ्ट शेजारी ठेवून व्हर्निअरनं मोजले. बेअरिंगच्या जागा सारख्या, लांबी सारखी! पुढचं दातेरी चाक तेवढं वेगळं — नव्याचं काढून जुन्याला लावलं. हे कळत नाही म्हणे मला.

८ तारीख, शनिवार

बसला!!!

तेल चोपडून हळूहळू आत सरकवला, तान्ह्या बाळाच्या हातात अंगड्याची बाही घालावी तसा. त्यावर टेकणारी टॅपेटही जुनीच, आपापल्या जागी. टायमिंगच्या खुणा जुळवल्या, हातानं इंजिन फिरवून पाहिलं — कुठे अडत नाही! नवरा हवेच्या पंपाशी उभा राहून चोरून बघत होता. बघ, बघ!

"बसला हो!" सासूबाई ओरडल्या. तो म्हणाला, "बसेल. चालणार आहे का?" मी स्वतः ऐकलं. सासूबाई माझ्याजवळ येऊन — "शाब्बास म्हणतोय."

९ तारीख

इंजिन व्हॅनमध्ये उतरवलं. एकट्याचं काम नाही, म्हणून तो आला. मी साखळी सोडतेय, त्यानं बोट वर केलं की थांबतेय. शब्दाविना काम एकदम चोख. मग प्लगच्या तारा त्यानंच लावल्या. मी विचारायला लावलं, "आई, तारा कशा लावल्यास म्हणावं." तो बराच वेळ बोलत होता. निरोप आला — "नीट लावल्यात म्हणतोय."

बरं.

१० तारीख

फजिती! सेल्फ मारला आणि फटाक्! कार्ब्युरेटरमधून जाळच आला. ओलं पोतं टाकलं. पुन्हा मारला — व्हॅन थंडीताप भरल्यासारखी थडथडली आणि बंद.

"आई, तिला सांग, उद्या भंगारवाल्याला बोलावतोय."

सासूबाईंनी हा निरोप आणलाच नाही. आत निघून गेल्या. मी बाबांच्या सीटवर बसून रडले. हो, रडले.

११ तारीख

चालू झाली! झाली, झाली, झाली!!

सकाळी टॅपेटवरचं झाकण उघडलं आणि पाना लावून इंजिन हळूहळू फिरवत कोणता व्हॉल्व्ह कधी उघडतो ते बघत बसले. एक नंबरच्या सिलिंडरनंतर पेटायची पाळी दोनची येतेय. मग चार, मग तीन. आणि नव्या इंजिनाच्या झाकणावर ठोकलंय — एक, तीन, चार, दोन! अरे देवा! कॅमशाफ्ट जुना, म्हणजे पाळीही जुनीच. नवऱ्यानं तारा लावल्या झाकणावर वाचून. हेच सांगत असणार तो बराच वेळ, आणि सासूबाईंनी त्याचं करून टाकलं "नीट"!

पक्कड आणायला धावले. परत येते तर तो बॉनेटमध्ये वाकलेला. हातात दोनची तार!

मी तीनची उपटली. त्यानं त्याची माझ्या जागी लावली, मी माझी त्याच्या जागी. सेल्फ — आणि एका दमात घुर्रर्र! भरलेला पेला वर ठेवला तर थेंब सांडणार नाही. मी नाचले. तो खो-खो हसला. सासूबाईंनी लगेच पिशवी भरायला घेतली.

बोलला मात्र नाही. मग मीही नाही.

१३ तारीख

सासूबाईंना सोडून आलो. उतरताना म्हणाल्या, "बसनं कधीच आले असते गं. बहिणीला म्हटलं, एका हातानं काढ थोडे दिवस, इथलं जास्त मोडलंय."

परतताना मधली सीट रिकामी. मग तो म्हणाला, "चुकलो. पण तारांचं आधी मलाच कळलं."

"मुळीच नाही! मला!"

घर येईपर्यंत भांडलो.