देखरेख माझ्याकडे

२ फेब्रुवारी, सोमवार
अखेर खात्याला माझी किंमत कळली. सकाळी पोलीस ठाण्यातून कुणा हवालदाराचा फोन. म्हणाला, मॅडम, आपल्या भागात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची देखरेख सुरू करतोय, त्यात तुमचं नाव घातलंय, चालेल ना? चालेल काय, म्हटलं, हे कधीच करायला हवं होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर म्हणून रिटायर झाले मी. देखरेख म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. दर मंगळवारी आणि शुक्रवारी येऊन भेटतो म्हणाला. म्हणजे रिपोर्टिंग. पद्धत बरोबर आहे.

लेकीला कळवलं. कौतुक नाही, काही नाही. म्हणाली, हुश्श, माझा जीव भांड्यात पडला. मग तीच जुनी टेप. आई, दोनदा दार सताड उघडं टाकून झोपलीस, आता आणखी एक प्रकार झाला की सामान बांधायचं आणि आमच्याकडे राहायला यायचं, कायमचं. म्हटलं, बाई गं, पोलीस जिच्यावर विश्वास टाकतात तिला तू कड्या लावायला शिकवू नकोस. जावईबापूंनी माझ्यासाठी खोली रिकामी केली आहे म्हणे. व्यायामाचं यंत्र होतं तिथे. त्यावर तसाही टॉवेलच वाळायचा.

निश्चय: हे घर सोडणार नाही. देखरेख अशी करीन की खात्याने नमुना म्हणून दाखवावी.

३ फेब्रुवारी, मंगळवार
हवालदार आला. पोट आधी, मग तो. बुटांना पॉलिश नाही. आल्या आल्या, काय आजी, बरं आहे ना? त्याचे केस पाहता मी त्याची फार तर मोठी बहीण लागेन. मॅडम म्हणायची ताकीद दिली.

घरभर फिरला. गॅसची बटणं पाहिली, दाराची कडी हलवून पाहिली, फ्रीज उघडून आत डोकावला. भुकेला असावा बिचारा. बिस्किटं दिली, सगळी संपवली. मग विचारतो, आज वार कोणता? ड्युटीवरच्या माणसाला वार माहीत नाही! सोमवार, म्हटलं. तर म्हणतो, मंगळवार, मॅडम. माहीत होता तर विचारलास कशाला?

६ फेब्रुवारी, शुक्रवार
कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर पाठीला पट्टी लावून उभं करायच्या. हवालदारालाही पोश्चर समजावलं. दोन मिनिटं ताठ उभा राहिला, मग श्वास सोडला आणि होता तसा झाला.

त्याच्याकडून एक धक्कादायक बातमी कळली. समोरच्या इमारतीतले आजोबासुद्धा या योजनेत आहेत! ते कसली देखरेख करणार? बनियन उलटा घालून गॅलरीत उभे असतात. खात्यात निवडीचे काही निकष आहेत की नाहीत?

१० फेब्रुवारी, मंगळवार
रक्तदाबाची गोळी घेतली का, असं हवालदाराने विचारलं. वरिष्ठांच्या तब्येतीची चौकशी म्हणजे शुद्ध मस्का. खपवून घेणार नाही म्हणून सुनावलं. तो गेल्यावर घेतली होती की नाही ते आठवेना, म्हणून घेऊन टाकली. दुपारभर गरगरलं. हवाच खराब आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार
(गुरुवार निघाला. पेपर कालचा होता.)
ठाण्यात सरप्राइज इन्स्पेक्शन. बाकाच्या एका पायाखाली वीट, हरवलेल्या मुलांच्या फोटोंवर धूळ, टेबलावर फोन बोंबलतोय आणि शिपाई स्टेपलरमध्ये पिना भरतोय. राहवलं नाही, मीच उचलला. पलीकडचा माणूस ओरडत होता, स्कूटर नेली, स्कूटर नेली! म्हटलं, आधी नमस्कार, मग नाव, मग तक्रार. म्हणाला, अहो बाई, चोर अजून दिसतोय, कोपऱ्यावर वळतोय! म्हटलं, घाई करू नका, वाक्य पूर्ण करा. त्याने फोन आपटला. नागरिकांनाच शिस्त नाही, पोलीस काय करणार?

इन्स्पेक्टरबाई आतून धावत आल्या. वयाने लहान पण रीतभात चांगली. मला आत नेलं, चहा दिला, घरी कोण कोण असतं ते विचारलं. तुमच्या मुलीशी एकदा बोलते म्हणाल्या. कौतुक करायचं असणार. मी विनयाने खाली पाहिलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
आज मॉक ड्रिल पार पडलं. पूर्वसूचना कुणालाच नव्हती, मलाही.

सविस्तर: बटाटे उकडायला ठेवले आणि वाटलं, समोरच्या आजोबांची एकदा झाडाझडती घ्यावी. गेले. दार ओढून घेतलं, म्हणजे ते आपोआप बंद झालं. किल्ली आत. आजोबांना मी कडी कशी लावावी ते दाखवत होते. ते आपले खिडकीबाहेर बघताहेत. म्हणाले, बाई, तुमच्या स्वयंपाकघरातून धूर येतोय. म्हटलं, विषय बदलू नका. ते म्हणाले, बराच येतोय हो.

हवालदार नेमका त्याच वेळी आला होता. त्याने खांद्याचा धक्का मारून माझं दार तोडलं. पातेलं जळून कोळसा, खिडकीचा पडदा गेला, भिंत काळी. प्रतिसाद वेळेत, शेरा उत्तम. दार मात्र फारच तकलादू निघालं, सुताराला बोलवायला हवं.

त्याला बजावलं, हे प्रकरण गोपनीय आहे, लेकीच्या कानावर जाता कामा नये. हा माझा हुकूम समज. तो खांदा चोळत म्हणाला, मॅडम, कळवावं लागतं, अर्ज त्यांचाच होता. कसला अर्ज? तर म्हणे, तुमच्या देखरेखीचा.

माझ्या देखरेखीचा म्हणजे मी करायची देखरेख की माझ्यावर करायची, असं मी पुन्हापुन्हा विचारलं. तो बुटांकडे बघत राहिला. आज पॉलिश होतं.

मराठीतलं हे 'ची' अत्यंत बेजबाबदार आहे. इंग्रजीत निदान ओव्हर की अंडर एवढं तरी स्पष्ट सांगतात.

२२ फेब्रुवारी, रविवार
लेक आली. काल दिवसभर मुद्दे तयार केले होते, क्रमवार. पडदा जुनाच होता. बटाट्यांची जात हलकी. समोरच्या आजोबांनी धूर उशिरा दाखवला.

तिने एकही मुद्दा ऐकला नाही. फतकल मारून ओट्याखाली बसली आणि फडक्याने काजळी पुसायला लागली. पुसता पुसता रडायला लागली. म्हणाली, आई, तुला काही झालं असतं तर? भांडली असती तर मी जिंकले असते. भांडणात तिने मला आजवर हरवलेलं नाही. रडणाऱ्या माणसाशी काय बोलायचं ते मला कुठे शिकवलंच नाही. शेवटी म्हटलं, बरं, येते.

तात्पुरती जाते आहे. त्यांच्या घराला शिस्तीची गरज आहेच.

२८ फेब्रुवारी, शनिवार
सामान निघालं. जावईबापूंनी नव्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. हवालदार सुटीवर असूनही आला, साध्या शर्टात. आधी ओळखलाच नाही. दोन्ही बॅगा त्यानेच खाली आणल्या. गाडीत बसल्यावर लेकीने माझा पट्टा लावला, लहान मुलीचा लावतात तसा.

मी काच खाली करून हवालदाराला सांगितलं, मी इथे नसले तरी रिपोर्टिंग बंद पडता कामा नये. मंगळवारी फोन करायचा, गल्लीची सगळी हालहवाल द्यायची. तो म्हणाला, हो मॅडम, कुठल्या नंबरवर करू? एक्स्चेंजमधल्या बाईला नंबर विचारतो! एका दमात सांगितला. त्याने तळहातावर लिहून घेतला, पुन्हा वाचून दाखवला, मी बरोबर म्हटलं, आणि त्याने मला सॅल्यूट केला. ताठ उभा राहून.

गाडी मोठ्या रस्त्याला लागल्यावर लेक हळूच म्हणाली, आई, तू इथलाच नंबर दिलास. आत्ता कुलूप लावलं ना, त्या घराचा.

हवालदार शब्दाचा पक्का आहे. मंगळवारी फोन करील.