सुटायलाच हवी होती ती शिवण

ती. तोमेआत्यास,

क्योतोहून हिसाओचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? डोंगरात एव्हाना थंडी पडली असेल, उगाच शेगडी सोडून उठू नकोस. मी बरा आहे. म्हणजे जेवतो आहे. झोप मात्र परवापासून नाही.

परवा तू नाटकगृहात आलीस, खारवलेल्या वांग्यांची बरणी आणलीस, सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ली. (गुरुजींनीसुद्धा. ते सहसा कुणाच्या घरचं तोंडात घालत नाहीत.) तुला त्यांच्या रंगपटात बसवून मी चहा आणायला गेलो आणि तिथंच घात झाला. तेवढ्या वेळात तू खुंटीवरचा नवरीचा लाल किमोनो पाहिलास आणि त्याचे कच्चे टाके बघून तुला गुरुजींची दया आली. "एवढा मोठा नट आणि शिवण ही अशी? बघणारं कोणी नाही वाटतं बिचाऱ्याला," असं म्हणत तू पिशवीतून सुई काढलीस आणि सगळी शिवण दुहेरी रेशमाने पक्की करून टाकलीस, असं मला मागाहून कळलं. आत्या, ते टाके कच्चेच असतात गं. गुरुजींच्या आजोबांपासून ते तसेच घालतात. दोऱ्यांच्या टोकांना मणी असतात. नाचता नाचता ढोल वाजला की मागे काळ्या कपड्यांत बसलेला माणूस (म्हणजे मी, तो दिसत नाही असं प्रेक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या धरून चालायचं) ते मणी ओढतो, लाल किमोनो क्षणात गळतो आणि नवरीची पांढरी कोल्हीण होते. या एका क्षणासाठी लोक तिकीट काढतात, आणि ती एक ओढ आपल्या हाताला मिळावी म्हणून मी सगळं तारुण्य गुरुजींचे पाय चेपण्यात घातलं.

ढोल वाजला. मी मणी ओढला. मणी हातात आला. दुसरा ओढला, तोही आला. बाही ओढली, तर बाहीबरोबर गुरुजी आले. ओठ न हलवता ते म्हणाले, "ओढ." म्हटलं, "ओढतोय." "मेल्या, दोन्ही हातांनी ओढ." मी पाय रोवून ओढलं. वादक बिचारे तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत राहिले, आणि ज्याला बघायचं नाही त्या मला सगळं नाटकगृह टक लावून बघत होतं. शेवटी मला झटकून गुरुजी नवरीच्याच वेषात कोल्हीण नाचले. डोळ्यांतून धारा वाहत होत्या (रागाच्या).

पडदा पडल्यावर त्यांनी विचारलं, "ही शिवण कोणाची?" टाके मी पाहताच ओळखले होते, तुझं नाव जिभेवर आलं होतं. पण आईमागे तू मला वाढवलंस. तुला कोणी वेडंवाकडं बोललेलं मला सोसलं नसतं. म्हणालो, "माझी." त्यांनी टाक्यांवरून बोट फिरवलं आणि मग माझ्या बोटांकडे पाहिलं. आता हाकलणार, या धास्तीने मी बोचकं बांधून ठेवलं.

काल सकाळी वर्तमानपत्रात आलं की कोल्हीण झाली तरी नवरीचा साज जिला सोडवेना, अशी माया आजवर रंगभूमीवर दिसली नव्हती. गुरुजींना एकदम आठवलं की ही कल्पना त्यांचीच होती. आता महिनाअखेरपर्यंत किमोनो सुटायचा नाही. घामाने भिजतो म्हणून तो रोज उसवून वाळवायचा आणि रोज नव्याने शिवायचा, आणि शिवणारा मी. शिंप्याचं रंगमंचावर काय काम, म्हणून गुरुजींच्या मागे माझ्या जागी त्यांचा दुसरा शिष्य गोरोकु बसणार, ज्याला बसल्या जागी डुलकी लागते.

बाकी क्षेम. बरणी धुऊन ठेवली आहे.

तुझा,
हिसाओ

ता. क. बरणी न्यायच्या निमित्ताने लगेच आलीस तर बरं होईल. आणि आलीसच तर टाके तुझे होते असं गुरुजींना सांग. हाकललं असतं तर एक वेळ सोसलं असतं. माझ्या जागी दुसरा बसलेला रोज बघणं मला जमणार नाही.

आणखी एक. पत्र टपालात टाकायचं राहिलं आणि दुपारचा खेळ झाला. मी जीव ओतून शिवलेला किमोनो गुरुजी प्रेक्षकांमधल्या वाटेवरून रंगमंचाकडे चालत येतानाच सुटला. लग्न लागायच्या आधीच नवरीची कोल्हीण झाली. त्यांनी विचारलं, "ही कोणाची?" म्हटलं, "माझी." या वेळी त्यांना लगेच पटलं. मग म्हणाले, "आणि ती पहिली?" मी सांगून टाकलं. किमोनो शिवायला तुला पहिल्या गाडीने बोलावलं आहे. माझं काय करायचं ते अजून बोललेले नाहीत. ये, आणि ते जेवायला बसले की माझा विषय काढ.