आईची एक्केचाळीस सेकंदं

३ नोव्हेंबर, मावला
आज कामाचा पहिला दिवस, आणि तो चक्क छान गेला. डोमाजीकाकांचं साउंड-स्क्रीनचं दुकान बसथांब्यापासून चार पावलांवर. लग्न असो की गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन, पडदा आणि स्पीकर इथूनच जातात. मी वही काढली तेव्हा काका हसले. म्हणाले, पोरी, मी अख्ख्या शाळेत नाही लिहिलं तेवढं तू सकाळपासून लिहून राह्यली! तरी सांगत गेले. व्हिडिओ पेनड्राइव्हवरून चालवायचा नाही, आधी लॅपटॉपवर उतरवायचा. पुढेमागे दहा सेकंद काळा पडदा जोडायचा, म्हणजे लोकांना आपल्या फायली दिसत नाहीत. आवाज शेवटच्या रांगेत उभं राहून ठरवायचा, आणि हॉल रिकामा असताना थोडा जास्तच ठेवायचा, कारण गर्दी झाली की माणसं आवाज पितात. आणि प्रत्येक फाईल हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकायची. शेवटपर्यंत, असं ते दोनदा म्हणाले.

५ नोव्हेंबर
इथे का आले ते एकदा खरं लिहून ठेवते. नार्नूरकडच्या आमच्या गावात शाळा तेलुगूतली, म्हणून मराठी अक्षरं आईनेच मला घरी पाटीवर शिकवली. वाचताना मी मध्येच थांबले की म्हणायची, ओळ अर्ध्यात सोडू नको.
ती गेल्यावर तिच्या फोनमध्ये एक व्हिडिओ सापडला. दवाखान्यात स्वतःच काढलेला, एक्केचाळीस सेकंदांचा, माझ्यासाठी. "अर्पे," एवढं ऐकलं आणि मी बंद केला. ऐकवेना. म्हटलं, पुण्यानुमोदनाला सगळ्यांसोबत पूर्ण ऐकीन. मग कॉपी करायच्या ऐवजी फाईल कट केली, आणि काम पुरं व्हायच्या आत पेनड्राइव्ह ओढला. फाईल दोन्हीकडून गेली. समोर दोनशे माणसं आणि निळा पडदा. बाबांनी स्वतः उठून पडदा गुंडाळला. माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं.
दुसऱ्या कुणाचं असं होऊ नये, म्हणून हे काम शिकते आहे.

९ नोव्हेंबर
रामाजी मास्तरांचं पुण्यानुमोदन. त्यांचा मुलगा हर्षदीप वडिलांच्या निवृत्तीच्या भाषणाचा व्हिडिओ घेऊन आला. सकाळी मी तपासला. आवाज स्वच्छ होता. चित्र संपलं, काळा पडदा आला. तो मीच जोडलेला, त्यात आवाज असूच शकत नाही. त्यात आईचा घरघरता श्वास आला, आणि ती म्हणाली, "अर्पे, तू रडू नको."
पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकलं. किती वेळा ते लिहीत नाही.
दुपारी पडद्यावर मास्तरांचे ओठ हलत होते आणि आवाज नव्हता. काकांनी तारा बदलल्या, स्पीकर बदलला. हर्षदीपदादा उलट मलाच समजावत होते, होते असं, ताई. मग त्यांनी आपल्या फोनमधली मूळ फाईल लावली. तीही मुकी.

१४ नोव्हेंबर
मयूरीचं लग्न. तिच्या आजीने जाण्याआधी नातीला दिलेला आशीर्वाद मांडवात दाखवायचा होता. तपासताना मला संशय होता. तरी शेवटपर्यंत ऐकलं. नियमच आहे, असं स्वतःला सांगितलं. काळ्या पडद्यात आईचं वाक्य पुढे सरकलं: "अर्पे, तू रडू नको. मी तुले..."
आशीर्वाद मुका निघाला. नवरी हळद लागलेल्या हातांनी तोंड झाकून रडली. काका म्हणतात, उंदराने वायर कुरतडली असेल.
उंदीर नाही, काका. माणूस. माणसं आवाज पितात.

१९ नोव्हेंबर
काम सोडते म्हणाले. काका म्हणाले, उद्याची जैनथची तेरवी करून जा. वामनराव गेले, त्यांची. त्यांच्या आवाजाची ही एकच फाईल. नातवाने कापूस वेचताना काढलेला व्हिडिओ. आशाबाई, त्यांची बायको, स्वतः दुकानात आल्या. पेनड्राइव्ह पदराच्या गाठीत. मला म्हणाल्या, मोठ्यानं लावजो माय, मले कमी ऐकू येते. चाळीस वर्सं बुढ्याच्या बोलण्याकडे ध्यान नाही देल्लं, आता एक डाव धड ऐकतो.
फाईल तपासणार नाही. कामाला लागल्यापासून पहिल्यांदा. हेडफोन दुकानाच्या कपाटात कुलपात ठेवले.

२० नोव्हेंबर, जैनथ, सकाळी अकरा
हेडफोन सामानाच्या पेटीत निघाले. काका म्हणतात, त्यांनी घातले नाहीत. कपाटाची किल्ली माझ्याच पर्समध्ये आहे.

साडेअकरा
अजून काही सुरू केलेलं नाही. साउंड मिक्सरवरचे हिरवे दिवे वरखाली — श्वासासारखे. हेडफोन दूर सरकवले. हात लावणार नाही.

पावणेबारा
व्हिडिओ लावला. आवाज आहे! वामनराव बैलाला शिव्या देत आहेत, मांडव हसतोय. आशाबाई पहिल्या रांगेत — पदर तोंडाला — हसतायत.
टेबलावर हेडफोन. त्यातून आई. इतकं स्पष्ट — "अर्पे, तू रडू नको. मी तुले सोडून..."
सोडून काय? सोडून जातो, की जात नाही? एकच शब्द उरला आहे. एकच. एका कानाला लावते, क्षणभर —

मांडवातला आवाज गेला. वामनरावांचे ओठ — आशाबाई उठल्या. कानामागे हात. बाजूच्यांना विचारतायत — त्यांना वाटतंय आपलेच कान —
काढते. आत्ता काढते. आई, लवकर बोल — ओळ अर्ध्यात सोडू नको — त्या माझ्याकडेच येत —