सण होऊ दे, मग सांगू

९ फेब्रु., रवि.
गुडघा परत सुजलाय. बहमनचा, माझा नाही. माझं सगळं बरं आहे, रिपोर्टसुद्धा नॉर्मल.

बहमन म्हणजे आमच्या फुटबॉल क्लबचा इराणी मिडफिल्डर. छत्तीस पूर्ण. उजव्या गुडघ्यातली कूर्चा झिजत आलीये. त्याला माहीत, मला माहीत, मॅनेजर खल्फानला माहीत. बोलत कुणीच नाही. सराव झाला की माझ्या टेबलावर आडवा होतो. मी बर्फ लावते, दाबते, विचारते, "दुखतंय का?" "ना, दोक्तूरा." मी फिजिओ, पण इथे सगळे डॉक्टरीणच म्हणतात. सुरी खुपसली तरी ना म्हणेल. समोरच्याला त्रास नको म्हणून त्यांच्यात असंच बोलतात म्हणे. आपल्यात तरी कुठे वेगळं आहे.

त्याचं इंग्लिश मोडकं, माझं अरबी मोडकं. दोन्ही मिळून भागतं.

इथे ओमानात, रुस्ताकला दिवसभर वारा. वाळत घातलेले कपडे धूळ बसून परत धुवावे लागले.

१४ फेब्रु., शुक्र.
शुक्रवार, म्हणजे चिपळूणला फोन. आई (सासूबाई), वय ८६. फोनआधी टिकली लावली. टेपचे रोल ठेवते त्या खणातून मंगळसूत्र काढून घातलं. व्हिडिओ कॉल असतो ना.

"सुहास जेवला का गो?"
"हो आई. आत्ताच ड्युटीवर गेला."

सु.ला जाऊन आठ महिने झाले. प्लँटवरून आला, बूट काढायला बसला, तो बसलाच. पुढचं क्रियाकर्म दिरांनी, नंदूभावजींनी, नाशिकला जाऊन गुपचूप उरकलं. आईंची तब्येत तोळामासा, डॉक्टर म्हणाले धक्का नको. मग भावजी म्हणाले गणपती होऊ दे. मग दिवाळी होऊ दे. मग संक्रांत. आता म्हणतात पाडवा होऊ दे. आपल्याकडे सणांना काय तोटा!

सोपं जातं, कारण सु. फोनवर बोलायचाच नाही. जिवंत असतानासुद्धा "बरी आहेस ना, ठेवतो" एवढंच. रजा मिळत नाही, प्लँटवर मोबाईल चालत नाही, शिफ्ट बदलली. सगळं खपतं.

रोहनचा मेलबर्नहून फोन. "ममा, धिस इज सो विअर्ड. आजीला सांग ना." त्याचं मराठी 'सांग ना'पाशी संपतं.

अजून रडू आलेलं नाही. दर शुक्रवारी नवऱ्याला जेवू घालून ड्युटीवर पाठवते, रडू कधी.

१९ फेब्रु., बुध.
आज बहमन बोलत होता. आबादानचा. रिफायनरीच्या भिंतीलगत मोकळी जागा होती, तिथे शिकला. पायात काही नाही, खाली तेलकट माती. मग तेहरानचा मोठा क्लब. सव्विसाव्या वर्षी देशाच्या टीममध्ये नाव आलं. एकदाच. अख्खा सेकंड हाफ रेषेबाहेर पळत वॉर्मअप करत राहिला, कोचने बोलावलंच नाही. पण टीव्हीवर मागे पळताना दिसला. त्याच्या आईने गल्लीभर मिठाई वाटली, माझा बहमन देशासाठी खेळला म्हणून. "मी कधी सांगितलं नाही तिला, की ते खेळणं नव्हतं."

मग दोहा, मग कुवेत, मग रुस्ताक. दर वेळी स्टेडियम लहान. आणखी एक सीझन हवाय त्याला, एकच.

मी विचारलं, मिडफिल्डर नक्की करतो काय? मला अजून नीट कळत नाही, टेबलावरचे पायच कळतात. म्हणाला, "दुसऱ्यांनी घालवलेला बॉल परत आणतो. कुणाच्या लक्षात येत नाही."

टेबलावरूनच आईला फोन लावतो, रोज. पलीकडून पहिला प्रश्न काय ते मी विचारून घेतलं. जेवलास का.

२६ फेब्रु., बुध.
खल्फान आला, दार लावून घेतलं. बहमनची आई गेली. रविवारी. माती देऊन झाली. भावाने क्लबला कळवलं आणि हात जोडून सांगितलं की बहमनला आत्ता कळू देऊ नका, सीझन संपू दे. तो धावत येईल, त्याचं पुढचं काँट्रॅक्ट जाईल, आणि आता येऊन तरी काय.

खल्फान म्हणाला, "दोक्तूरा, तो तुझ्याशी बोलतो. तू काही बोलू नकोस. आपण खाली घसरतोय, तो नसला तर खलास. ईद होऊ दे, शेवटच्या मॅचेस होऊ दे, मग मीच सांगेन, इन्शाल्ला."

माणूस वाईट नाही. सु. गेला तेव्हा खजूर घेऊन आला होता, तासभर नुसता बसून राहिला होता.

मी बरं म्हटलं. किती पटकन म्हटलं. काहीतरी वाटायला हवं होतं, नाही वाटलं. बर्फाचा ट्रे भरून फ्रीजरमध्ये ठेवला.

२८ फेब्रु., शुक्र.
टिकली, मंगळसूत्र, फोन. फोन जावेच्या, सीमाच्या हातात असतो. आईंना धरता येत नाही, हात थरथरतो. सीमा मागून मला डोळ्यांनी खुणा करत असते. नाटक मंडळी आहोत सगळे.

आई म्हणाल्या कदमांची सून मस्कतला यायची आहे, तिच्याबरोबर खाऊ पाठवते. मागचं कुळथाचं पीठ अजून पडून आहे. दर खेपेला पहिलं ते येतं, पिठलं म्हणजे सु.चा जीव की प्राण. मला कुळथाचा वास डोक्यात जातो. टाकवतही नाही.

५ मार्च, बुध.
रमजान. सराव इफ्तारच्या आधी, सगळे गळालेले.

बहमनने टेबलावरून फोन लावला. भावाने उचलला. आई झोपली आहे. कालही झोपली होती. परवा बहिणीकडे गेली होती. बहमन हसून काहीतरी बोलला, फोन छातीवर ठेवला. मला म्हणाला, "झोपलीये."

"झोपू दे मग," मी म्हटलं.

माझ्या तोंडून आलं ते. सराईतासारखं. हात टेप लावत होते, एक सुरकुती पडू दिली नाही.

१४ मार्च, शुक्र.
काल मॅच जिंकली, एक-शून्य. बहमन पूर्ण वेळ खेळला. गोल दुसऱ्याचा, पण त्याआधी तीनदा गेलेला बॉल यानेच परत आणला. पहिल्यांदा मला ते दिसलं. मी कधी मॅच बघत नाही, पाय पडतो कसा तेवढंच बघते. काल बघितली.

नंतर टेबलावर नेहमीचं विचारलं. दुखतंय का?
"हो."
मी हात काढून घेतला. कुठे, विचारलं. म्हणाला, आज जरा जास्त वेळ लाव.

बर्फ वितळेपर्यंत बसले.

शुक्रवारचा फोन केला. आईंच्या घशात खवखव होती, दोन मिनिटांत ठेवला.

२० मार्च, गुरु.
आज त्यांचं नवं वर्ष, नवरोज. आपला पाडवा दहा दिवसांवर.

गुडघ्याला शेक म्हणून बहमनला गावातल्या गरम झऱ्यावर नेलं. पाटात पाय सोडून बसला, मी कठड्यावर. पलीकडे दोन म्हातारे ओमानी गुडघे चोळत होते. बहमनने भावाला फोन केला. आई नमाजाला बसलीये म्हणे. बहमन म्हणाला, माझ्याकडून तिच्या कपाळाची पापी घे. ठेवला. मग पाण्याकडे बघत म्हणाला,

"दोक्तूरा, माझी आई मी फोन केल्यावर कधी झोपलेली नसते."

मी टॉवेलची घडी घातली.

"तुला माहीत होतं?"
"हो."
"कधीपासून?"
"बुधवार होता. ती आधीच्या रविवारी गेली."

मान हलवली. चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, मला त्याचं काहीतरी करता आलं असतं. म्हणाला, भाऊ तिथे एकटा आहे. रोज नवीन काहीतरी शोधून काढतो बिचारा, आज नमाज, उद्या हमाम. मी विचारलं तर त्याला सांगावं लागेल, आणि सांगताना तो मोडेल. म्हणून मी विचारत नाही. सीझन संपू दे. तो सांगेल, मग मी रडेन.

"तूपण चांगलं खोटं बोलतेस," म्हणाला.
"सवय आहे."

आणि मग मी सांगून टाकलं. सु., आई, टिकली, ड्युटी, गणपती-दिवाळी, सगळं. अर्धं अरबीत, अर्धं कशात कोण जाणे. क्लबमध्ये सगळ्यांना सु. गेल्याचं माहीत आहे, हे कुणालाच नाही. तो ऐकत होता.

"आई काय विचारते फोनवर?"
"जेवला का, विचारते."
"अजून विचारते?"

शेवटचं कधी विचारलं ते आठवेना. पाणी गरम होतं, म्हटलं चल आता, पंधरा मिनिटांच्या वर नको.

२१ मार्च, शुक्र.
आज कान देऊन ऐकलं. आईंनी विचारलं, "तू जेवलीस का गो?" मग तिथला उकाडा, इथली धूळ, रोहन. सु.चं नावच नाही. मागचे फोन आठवायचा प्रयत्न केला. खवखवीच्या फोनमध्येही नव्हतं बहुतेक. सवयीने मीच म्हणाले, "तो ड्युटीवर आहे." आई म्हणाल्या, "असू दे."

असू दे.

२५ मार्च, मंगळ.
बहमन सरावाला. धावतोय. भाऊ म्हणे आता आई शिराजला गेलीये, तिथे रेंज नाही. बहमन मला सांगताना हसला, मीही हसले. मग दोघांनाही हसू पुढे नेता येईना.

खल्फान टेबलापाशी आला, गुडघा कसा म्हणाला. चालेल, मी म्हटलं. त्याने बहमनच्या खांद्यावर हात ठेवला आणि उगाच ठेवून राहिला. बहमनने त्याचा हात थोपटला. बिचाऱ्याला वाटतंय, आपलं गुपित आपल्याकडेच आहे.

२८ मार्च, शुक्र.
फोन केला नाही. भावजींना मेसेज टाकला, नेट नाही, पाडव्याला करते.

३० मार्च, रवि. पाडवा.
सकाळी भावजींचा फोन. "वहिनी, आज सणाचं नको. अक्षय्य तृतीया होऊ दे." मी म्हटलं, बघते.

दुपारी कदमांच्या ड्रायव्हरने पार्सल आणून दिलं. खोक्याला आईंच्या जुन्या साडीचं फडकं, वर सुतळी. फणसपोळी, आमसुलं, आंबोशी, कोरडी सोलकढीची पूड. सगळं मला आवडतं ते. फडकं झटकून पाहिलं. खोका उलटा केला. कुळथाचं पीठ नाही.

लग्नानंतर इतक्या वर्षांत असं पार्सल कधी आलं नाही.

ओट्यापाशी उभी राहून फणसपोळी खाल्ली. खाता खाता रडू आलं. बराच वेळ. नाक, डोळे, सगळं. कुणाला आवाज जाईल याची काळजी नव्हती, आहे कोण.

तोंड धुतलं. टेपच्या रोलांचा खण उघडला नाही. टिकली लावली नाही. तशीच बसले आणि व्हिडिओ लावला.

सीमाने उचलला. मला बघून तिचं तोंड उघडंच राहिलं. मागून आई म्हणाल्या, कोण गो, दे इकडे. फोन त्यांच्यासमोर आला. नवं लुगडं, चष्मा, जवळ जवळ येणारं कपाळ. माझ्याकडे बघत राहिल्या. गळ्याकडे बघितलं. मी "आई" म्हटलं.

आईंनी दोन्ही हातांनी फोन स्वतः धरला. चित्र थरथरायला लागलं.

"सीमा," त्या म्हणाल्या, "तू जरा बाहेर जा गो. आणि दार लावून घे."