मोठ्या आवाजाचा डब्बा

३ नोव्हेंबर, सोमवार
नाही! घाई करणार नाही म्हणजे नाही. आणि तू कोण वाचणारा? प्रेरणा असशील तर डायरी होती तिथं ठेव. नवऱ्याचा अभ्यास सुरू हाय.
मुद्दा साधा. साकोली बसस्टँडसमोर आमचं मासोळीचं दुकान, गल्ल्यावर आई. नागझिऱ्याच्या जंगलाच्या रस्त्यावरच्या रिसॉर्टले रोज रोहू पाहिजे. मॅनेजर वासुदेवराव रविवारी येऊन भाव पक्का करतीन. अट एकच: पेमेंट ऑनलाइन, दुकानाच्या नावानं. ऑर्डर भेटली तर आईचं डोक्यावर टोपली घेऊन गावोगावचे बाजार करणं सुटते. गुडघे गेले तिचे.
ऑनलाइन पेमेंटची कंपनी मी निवडणार. घरात बी.कॉम. मीच. प्रेरणा म्हणते, बँकेत जा, एका दिवसात होते. जे एका दिवसात होते त्याले निवड म्हणत नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार
चार कंपन्यांचा चार्ट बनवला. कमिशन, भाडं, पैसे खात्यात कधी, नेटवर्क, आवाज. प्रत्येकीले मार्क.
आईची सिस्टिम पाहिली. भयंकर. गिऱ्हाइकाचं तोंड पाहून भाव, तोही वाकून, हळूच. गुरुजीले रोहू एकशे ऐंशी, हायवेच्या कारवाल्याले दोनशे चाळीस. मी म्हणलो, आई, हे अनसायंटिफिक हाय. आई म्हणे, गुरुजी बारा महिने येतात, कारवाला आज आला, उद्या कायले येते? तू खवले काढ.
काढले नाही. चार्ट ओला झाला असता.

६ नोव्हेंबर, गुरुवार
एक कंपनी बाद. स्टिकरचा रंग मासोळीजवळ उठून दिसत नाही. दुसरीही बाद. एजंट मले अंकल म्हणला.
प्रेरणा विचारे, किती राहिल्या? म्हणलो, प्रोसेस सुरू हाय. ती म्हणे, रविवारही येऊन राहिला.
चार्टच्या रेघा नव्यानं आखल्या.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
वासुदेवरावचा फोन. झालं का? म्हणलो, फायनल स्टेज. खोटं नाही. स्टेज माझी हाय.
आईनं ऐकलं. गुडघ्याले तेल लावत बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
उद्या सकाळी दहाच्या आत निर्णय. पक्का.

८ नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळ
निर्णय झाला. उरलेल्या दोनातल्या एका कंपनीचा एजंट टेकचंद काम आटोपून घरी जाऊन राहिला होता. त्याच्या गाडीसमोर आडवा उभा राहिलो. पिशवीत एकच साउंडबॉक्स उरला होता, तोच सर्वोत्तम निघाला. केवायसी त्यानं गाडीवर बसूनच केलं.
फीचर दमदार. पैसे आले की रक्कम ओरडून सांगते. टेकचंद म्हणे, भाऊ, आवाज कमी ठेवा, दुकान लहान हाय. म्हणलो, फुल! बसस्टँडवरचं कुत्रं उठून बसलं.
आई म्हणे, हा डब्बा रक्कम सगळ्यायले सांगते? म्हणलो, यालेच ट्रान्सपरन्सी म्हणतात. तिनं डब्ब्यावर फडकं टाकलं. मी काढलं.

९ नोव्हेंबर, रविवार, दुपार
जे झालं त्यात सिस्टिमची चूक नाही. हे आधी लिहून ठेवतो.
वासुदेवराव आले. आईनं कानाजवळ भाव सांगितला, दोनशे चाळीस, पोहोचवून. त्यायनं मान हलवली. तेवढ्यात गुरुजी. एक किलो रोहू, स्कॅन. आणि डब्बा गरजला: एकशे ऐंशी रुपये प्राप्त झाले! बसमधले लोक खिडकीतून पाहू लागले.
वासुदेवराव म्हणे, बाई, हा कोणता भाव? आई पापणी न हलवता म्हणे, भाव कायचा जी, गुरुजीची जुनी उधारी हाय. गुरुजीनं पिशवी पाठीमागं नेली. भला माणूस. वासुदेवरावले पटलं. खिशातून पेन निघाला.
पण माझ्यासमोर माझ्या साउंडबॉक्सची बदनामी? मी पुढं झालो. म्हणलो, सर, उधारी नाही. आमची सिस्टिम रियल-टाइम हाय. आत्ताच्या रोहूचे, एक किलोचे, पूर्ण एकशे ऐंशी.
वासुदेवरावचा पेन खिशात परत गेला. बादलीतली मरळ उसळली. गुरुजी हळूच निघून गेले.
वासुदेवराव म्हणे, मग मलाही एकशे ऐंशी. पोहोचवून. नाही तर राहू द्या.
आई हो म्हणाली. या भावात ऑटोचं भाडं निघत नाही. बाजारही सुटत नाही.
तरी ऑर्डर आली. आली ना? प्रेरणाले हेच समजावलं. ती सुरी धूत राहिली. सुरी कधीचीच स्वच्छ झाली होती.

१० नोव्हेंबर, सोमवार, पहाट
डिलिव्हरीची जबाबदारी मी स्वतःहून घेतली. म्हणजे प्रेरणानं सायकल दारात आणून ठेवली आणि आत गेली. डिस्ट्रिब्युशन हाच खरा माझा विषय. पेमेंट उगाच मधात आलं. मागं मासोळीचं क्रेट, पुढं जंगलाचा रस्ता, थंडी. तब्येतीले चांगलं.
आईनं बाजाराची टोपली भरली. उचलाले वाकली, अर्ध्यात थांबली. आता माझ्याकडं पाहून राहिली. काहीतरी म्हणणार.
क्रेटमधला बर्फ वितळून राहिला. निघालो.