धुळे विमानतळ कृती समिती

४ जानेवारी, रविवार
जळगावला साडू लीलाधरच्या नव्या घराची वास्तुशांत. भर पंगतीत तो मला म्हणाला, "भाऊ, तुमना धुयामा इमान दिखस का, का निस्ती यष्टी?" बठ्ठे हसले, अख्खी पंगत. सासूबाईसुद्धा. मीही हसलो, पण तिथेच ठरवलं. धुळ्याला विमानसेवा आणायची आणि पहिल्याच विमानात लीलाधरला वेटिंगवर ठेवायचं.

८ जानेवारी
समिती स्थापन. अध्यक्ष मी. सदस्य कौतिक टेलर आणि आमची बायको उषा. तिला विचारलं नाही. विरोध नसणार.
लेटरहेड झकास.

१९ जानेवारी
गावाबाहेरच्या धावपट्टीची पाहणी. वॉचमनने आत सोडलं नाही, म्हणून कुंपणाबाहेरून केली. धावपट्टी लांब आहे. किती, ते दिसलं नाही. वॉचमनला निवेदन दिलं. त्याने घडी करून खिशात ठेवलं. म्हणजे दखल घेतली.

२ फेब्रुवारी
कचेरीत निवेदन. साहेब मीटिंगमध्ये. शिपायाने शिक्का मारला. फोटो लीलाधरला पाठवला. त्याने नुसता अंगठा पाठवला. जळतोय.

१६ फेब्रुवारी
लाक्षणिक उपोषण, अकरा ते एक. कौतिक आला नाही. लग्नसराई, ब्लाउज द्यायचेत म्हणे. साडेबाराला उषा डबा घेऊन आली. सदस्याचा मान राखावा म्हणून खाल्लं.

२७ फेब्रुवारी, सकाळी ७
पुण्याहून जावयांचा फोन. आमच्या लेकीला, सुनिताला, दवाखान्यात नेलंय. दिवस भरायला महिना होता. उषाने पिशवी भरायला घेतली. बसने आठ तास लागणार. जावई म्हणाले, जळगावहून विमान आहे, दोन तिकिटं काढू का? प्रश्न तत्त्वाचा होता. मी म्हणालो, विचार करून कळवतो. उषाने फोन ओढून घेतला आणि "काढा" म्हणाली.

२८ फेब्रुवारी, पुणे
नात झाली. इवलीशी आहे, पण बरी. सुनिताही बरी.
लीलाधर काल जळगाव विमानतळाच्या गेटवर आधीच उभा होता. धुळ्याहून येताना अख्खा रस्ता मी त्याच्या संभाव्य टोमण्याला उत्तर घोकत होतो. त्याने माझ्या हातातली बॅग घेतली आणि उषाला म्हणाला, "अक्का, बठ्ठं चांगलं व्हई." मेहुणी सांगते, विमान दिसेनासं होईपर्यंत तो हलला नाही.
एकही टोमणा नाही. उत्तर पोटात तसंच राहिलं.
याचाही सूड घ्यायला हवा. कसा, ते सुचत नाही.